विक्टुरा : जॉन केनेडी आणि सहकाऱ्यांची नौका

जॉन फिट्झजेराल्ड केनेडी हे नाव उच्चारताच २२ नोव्हेंबर १९६३ ची डॅलस शहरातील ती दुपार डोळ्यांसमोर उभी राहते. त्यांच्या आयुष्याचा शेवट इतका अकस्मात आणि इतका जाहीर झाला, की आधीच्या ४६ वर्षांवर त्या शेवटाचीच छाया पडून राहिली. चरित्रकारांपुढे मग बहुधा तीन कथा उरतात : धनाढ्य आणि महत्त्वाकांक्षी घराण्याची कथा, युद्धातील पराक्रमाची कथा आणि अकाली मृत्यूची कथा. या तिन्ही कथांच्या फटीत एक लहानशी घटना दडून राहिली आहे. १९३८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नौकासंघाने शिडाच्या होड्यांच्या आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत मॅक्मिलन चषक जिंकला आणि त्या संघात जोसेफ व जॉन हे केनेडी बंधू होते. बहुतेक चरित्रांत या विजयाच्या वाट्याला एखादी ओळ येते. वस्तुतः ज्याला लहानपणापासून केवळ स्वतः जिंकण्याचेच शिक्षण मिळाले, तो दुसऱ्यांसह आणि दुसऱ्यांसाठी नौका हाकण्यास कसा शिकला, या प्रश्नाचा उगम त्या एका ओळीत आहे.

जॉनचा जन्म २९ मे १९१७ रोजी बोस्टनलगतच्या ब्रुकलाइन येथे झाला. नऊ भावंडांत तो दुसरा. थोरला जोसेफ त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, अंगापिंडाने धडधाकट, अभ्यासात व खेळात तरबेज, आणि वडिलांच्या साऱ्या आशांचे निधान. जॉन मात्र किरकोळ प्रकृतीचा. तिसरे वर्ष पूर्ण होण्याआधी त्याला लोहितज्वर झाला व तो मृत्यूच्या दारातून परतला. त्यानंतरही आजारपणाने त्याची पाठ सोडली नाही. अंथरुणाला खिळलेल्या दिवसांत पुस्तके हाच त्याचा सोबती असे. वडील जोसेफ केनेडी यांनी व्यापारात व शेअरबाजारात अमाप संपत्ती मिळवली होती. बोस्टनच्या जुन्या प्रॉटेस्टंट समाजाने आयरिश कॅथलिकांना दिलेली दुय्यम वागणूक ते विसरले नव्हते. आपल्या मुलांनी कोठेही दुसरा क्रमांक पत्करू नये, असा त्यांचा दंडकच होता. या दंडकाखाली वाढणाऱ्या दोन भावांत अटळ चुरस निर्माण झाली. एकदा दोघांनी घराभोवतीच्या रस्त्यावर एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी सायकली पिटाळल्या. समोरासमोर आल्यावर कोणीही बाजूला होईना. टक्कर झाली, थोरल्याला खरचटलेही नाही, आणि धाकट्याला टाके घालावे लागले.

१९२० नंतरच्या दशकात केनेडी कुटुंब उन्हाळ्यासाठी केप कॉड द्वीपकल्पावरील हायॅनिस पोर्ट येथे येऊ लागले आणि १९२८ मध्ये तेथील घर त्यांनी विकत घेतले. घरासमोर नॅन्टकेट साउंडचा उथळ समुद्र पसरलेला. उन्हाळ्यातील दुपारी तेथे नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो, आणि पाणी उथळ असल्यामुळे लाटा आखूड व उभ्या उठतात. या समुद्रासाठी ऑस्टरव्हिल गावच्या क्रॉस्बी घराण्यातील नौका-कारागिरांनी १९१४ मध्ये विआनो सीनियर नावाची, सुमारे २५ फूट लांबीची शिडाची होडी घडवली होती. त्याच जातीची एक होडी १९३२ मध्ये केनेडींच्या घरी आली. जॉन तेव्हा १५ वर्षांचा होता. होडीचे नाव ठेवले 'विक्टुरा'.

हे नाव लॅटिन भाषेतील भविष्यकालवाचक कृदन्त होय. 'जिंकणे' या अर्थाच्या क्रियापदापासून ते घेतले, तर 'जिंकण्यास निघालेली' असा अर्थ होतो, आणि घरात तोच अभिप्रेत होता. परंतु लॅटिनमध्ये 'जगणे' या क्रियापदाचेही हेच रूप होते. लिहिताना दोन्ही एकच दिसतात, फरक केवळ पहिल्या इकाराच्या ऱ्हस्वदीर्घत्वाचा. इकार ऱ्हस्व उच्चारला तर 'जिंकण्यास निघालेली', दीर्घ उच्चारला तर 'जगण्यास निघालेली'. शाळेत लॅटिनशी जॉनचे फारसे सख्य नव्हते. ही दुहेरी छटा त्याच्या मनात आली असण्याचा संभव कमीच. आयुष्याने मात्र दोन्ही अर्थ त्याच्यापुढे ठेवले.

शिडाच्या होडीची शर्यत ही वेगाची शर्यत भासली, तरी मुळात ती निरीक्षणाची परीक्षा असते. होडी वाऱ्याच्या थेट समोर जाऊ शकत नाही. एकदा डाव्या, एकदा उजव्या अंगाने वारा घेत तिला नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. कोणत्या क्षणी दिशा पालटावी, पाण्यावर गडद छटा उमटली म्हणजे वाऱ्याचा झोत किती अंतरावर आहे, ओहोटीचा ओढ नौकेला कोठे नेईल, याचे गणित सुकाणूवर बसलेल्याला अखंड मांडावे लागते. शिडाच्या दोऱ्या सांभाळणाऱ्या सोबत्याचे हात आणि सुकाणूवरचा हात यांचा मेळ बसला नाही, तर सारे गणित व्यर्थ ठरते. शरीरबळाच्या खेळांत थोरल्या भावापुढे नेहमी हरणाऱ्या जॉनला येथे प्रथमच समान भूमी मिळाली. १९३६ मध्ये त्याने नॅन्टकेट साउंडमधील स्टार जातीच्या होड्यांचे विजेतेपद मिळवले. तरीही घरची शिस्त सुटली नव्हती. वडील मुलांच्या शर्यती आपल्या नौकेतून न्याहाळत, आणि हार झाली असेल तर रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर तिची कारणे विचारली जात. समुद्रावरचा वारा मोकळा होता. तो ज्या घरातून वाहत येई, ते घर तितके मोकळे नव्हते.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन नौकाशर्यतींचे वेगळेपण ध्यानात घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील विद्यापीठांत श्रीमंत विद्यार्थ्यांचे नौकामंडळ ही जुनी गोष्ट होती, परंतु महाविद्यालयांमधील शर्यतींना संघटित रूप आले ते १९३० मध्ये, आंतरमहाविद्यालयीन संघटना स्थापन झाली तेव्हा. मॅक्मिलन चषकही त्याच काळातला. आरंभी या शर्यती मोठ्या खासगी नौका उसन्या घेऊन होत, त्यामुळे नौका बाळगणाऱ्या वर्गापुरताच त्यांचा आवाका होता. १९३६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेने चार्ल्स नदीच्या काठी एकाच नमुन्याच्या लहान होड्यांचा ताफा उभारला. प्राध्यापक जॉर्ज ओवेन यांनी त्या होड्यांचा आराखडा केला आणि जॅक वुड यांनी तेथील शिक्षणाची घडी बसवली. ज्याच्या घरी कधी होडी नव्हती, अशा विद्यार्थ्यालाही आता शर्यतीत उतरता येऊ लागले. हार्वर्ड विद्यापीठही त्याच नदीकाठी आहे.

अशा शर्यतींचा नियम साधा, पण परिणामाने दूरगामी आहे. होड्या यजमानांच्या आणि एकसारख्या असतात. ठरावीक फेऱ्यांनंतर संघ त्या आपसांत बदलतात, म्हणजे चांगल्या किंवा वाईट होडीचे निमित्त कोणालाही सांगता येत नाही. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक महाविद्यालयाच्या दोन तुकड्या स्वतंत्रपणे धावतात आणि दोहोंच्या गुणांची बेरीज करून संघाचा क्रमांक ठरतो. एका तुकडीने सर्व फेऱ्या जिंकल्या आणि दुसरी शेवटी राहिली, तर त्या विजयाचा उपयोग थोडाच. स्वतःची होडी, स्वतःचे नाव आणि स्वतःचा पहिला क्रमांक या तिन्ही गोष्टी येथे गौण ठरतात. केनेडींच्या घरच्या दंडकाला याहून थेट छेद देणारा खेळ शोधून सापडला नसता.

जॉन १९३५ मध्ये प्रथम प्रिन्स्टनला गेला, पण आजारपणामुळे काही आठवड्यांतच त्याला परतावे लागले. १९३६ च्या शरद ऋतूत तो हार्वर्डमध्ये दाखल झाला. थोरला भाऊ तेथे आधीच नावारूपाला आला होता. जॉनने फुटबॉलमध्ये प्रयत्न करून पाहिला, पोहण्याच्या संघात स्थान मिळवले. नौकासंघात मात्र दोघे भाऊ बरोबरीने उतरले. १९३८ ची मॅक्मिलन चषकाची शर्यत केप कॉडवरील विआनो येथे झाली. तेथील वारा, तेथील ओहोटी आणि विआनो सीनियर जातीची होडी या सर्वांशी केनेडी बंधूंचा जन्माचा परिचय होता, हे मान्य केलेच पाहिजे. संपत्तीने दिलेला तो लाभ होता. तथापि त्या दिवसांत एक गोष्ट प्रथमच घडली. ज्या दोन भावांची प्रत्येक कृती आजवर एकमेकांविरुद्ध मोजली गेली होती, त्यांची कामगिरी एकाच खात्यात जमा झाली. सायकलींची टक्कर झालेल्या रस्त्यापासून त्या समुद्रापर्यंतचे अंतर मैलांत फारसे नव्हते.

त्याच वर्षी वडील अमेरिकेचे राजदूत म्हणून लंडनला गेले होते. युरोपवर युद्धाचे ढग जमत होते, आणि जॉनने प्रवासात ते जवळून पाहिले. १९४० मध्ये त्याने म्युनिक कराराच्या वेळच्या ब्रिटिश धोरणावर पदवीसाठी प्रबंध लिहिला. तो त्याच वर्षी 'व्हाय इंग्लंड स्लेप्ट' या नावाने प्रसिद्ध झाला. ब्रिटनच्या गाफीलपणाचा दोष त्याने एकट्या चेंबरलेन यांच्या माथी मारला नाही. सारी लोकशाही, तिच्या संस्था आणि तिचे मतदार सुस्त राहिले, असे त्याचे प्रतिपादन होते. हा विचार शर्यतींतून आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु यशापयश हे एका व्यक्तीच्या नव्हे, तर समूहाच्या खात्यात मांडण्याची दृष्टी त्यात आहे, हे नाकारता येत नाही.

पाठीच्या दुखण्यामुळे सैन्याने केनेडींना प्रथम नाकारले. वडिलांच्या ओळखीने १९४१ मध्ये नौदलात प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी पीटी या वेगवान पाणतीर-नौकांवर जाण्याची इच्छा धरली. या लाकडी नौका ८० फूट लांबीच्या, तीन इंजिनांच्या. त्यांच्यासाठी नौदल जाणीवपूर्वक महाविद्यालयीन नौकापटूंची निवड करीत होते. लहान नौका आणि मूठभर माणसे सांभाळण्याची सवय हीच त्यांची पात्रता. एप्रिल १९४३ मध्ये सॉलोमन द्वीपसमूहात पीटी-१०९ ही नौका केनेडी यांच्या हाती आली.

२ ऑगस्ट १९४३ च्या मध्यरात्रीनंतर ब्लॅकेट सामुद्रधुनीत चंद्रहीन अंधार होता. पाण्यावरचा फेस शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून नौका एकाच इंजिनावर मंद चालत होती. अमागिरी ही जपानी विनाशिका अंधारातून एकाएकी पुढे आली आणि तिने पीटी-१०९ चे दोन तुकडे केले. नौकेवरील १३ जणांपैकी अँड्र्यू कर्कसी आणि हॅरोल्ड मार्नी हे दोघे तत्काळ प्राणास मुकले. उरलेले ११ जण तरंगत्या सांगाड्याला बिलगून दुसऱ्या दिवसापर्यंत राहिले. पुढे काय करावे, हे केनेडी यांनी सहकाऱ्यांना विचारून ठरवले. पोहता न येणारे एका लाकडी फळीला धरून निघाले. पॅट्रिक मॅक्मेहन हे भाजून असहाय झाले होते. त्यांच्या तरंग-जाकिटाचा पट्टा दातांत धरून केनेडी यांनी त्यांना सुमारे साडेतीन मैल अंतरावरच्या प्लम पुडिंग नावाच्या चिमुकल्या बेटापर्यंत ओढत नेले. या पोहण्याला सुमारे चार तास लागले. त्याच रात्री एखादी मित्रनौका दिसेल या आशेने ते पुन्हा एकटे समुद्रात गेले आणि प्रवाहाने त्यांना दूर वाहून नेले. पुढे ओलासाना बेटावर बियुकू गासा व एरोनी कुमाना या दोन स्थानिक बेटवासीयांशी त्यांची गाठ पडली. नारळाच्या करवंटीवर कोरलेला संदेश याच दोघांनी शत्रूच्या पाण्यातून पार नेला. ८ ऑगस्ट रोजी सर्व ११ जणांची सुटका झाली. पराक्रमाच्या कथेत या दोघांची नावे पुष्कळ काळ दुय्यम राहिली. त्यांच्या होडीवाचून मात्र ती कथा सांगण्यास कोणी उरले असते की नाही, याची शंका आहे.

या प्रसंगाची दुसरी बाजूही आहे. इतकी चपळ नौका शत्रूच्या अवजड जहाजाखाली सापडलीच कशी, असा प्रश्न नौदलात विचारला गेला. नौका गमावणारा कप्तान वीर कसा, हा प्रश्न अनुचित नव्हता. शर्यतीच्या हिशेबात ही निखळ हार होती. केनेडी यांना पदके मिळाली, परंतु गमावलेल्या दोघांची बोच त्यांच्या मनातून गेली नाही. त्यांनी मायदेशी परतण्याऐवजी पीटी-५९ ची सूत्रे घेतली. विक्टुरा या शब्दाचा दुसरा अर्थ येथे प्रथम प्रकट झाला असे म्हणता येईल. जिंकणे हातून निसटले तेव्हा माणसे जगवणे हे सुकाणूवरच्याचे पहिले कर्तव्य ठरले.

१७ जून १९४४ रोजी जॉन हर्सी यांचा या घटनेवरील लेख 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ ऑगस्ट रोजी, थोरले बंधू जोसेफ यांचे स्फोटकांनी भरलेले विमान इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आकाशातच फुटले. त्यांचा देहही हाती लागला नाही. हे अत्यंत धोक्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले होते. धाकट्या भावाला लाभलेल्या कीर्तीशी जुन्या चुरशीने पुन्हा डोके वर काढले होते, असे अनेक चरित्रकारांचे मत आहे. एकाच संघातून जिंकलेल्या भावांना युद्धाने पुन्हा एकमेकांशी मोजले, आणि त्या मापात एक कायमचा निखळला. १९४५ मध्ये जॉन केनेडी यांनी भावाच्या आठवणींचे एक पुस्तक संपादून खासगीरीत्या छापले. स्पर्धकाविषयी लिहिलेले नव्हे, तर सहकाऱ्याविषयी गोळा केलेले असे ते लेखन आहे. थोरल्याच्या मृत्यूबरोबर वडिलांच्या साऱ्या आकांक्षा आता धाकट्याच्या खांद्यावर आल्या.

१९४६ च्या निवडणुकीत हर्सी यांच्या लेखाच्या संक्षिप्त प्रती मतदारसंघात मोठ्या संख्येने वाटण्यात आल्या. अकरा जणांच्या तगून राहण्याची कथा अशा रीतीने एका उमेदवाराच्या विजयाची कथा झाली. साहित्याचा हा उपयोग अभ्यासकांना विचारप्रवृत्त करणारा आहे. मूळ मजकूर खोटा नव्हता. त्यातील भार मात्र समूहावरून व्यक्तीवर सरकला होता. केनेडी प्रतिनिधिगृहात गेले, १९५२ मध्ये सिनेटवर निवडून आले. १९५३ च्या जुलैमध्ये जॅकलीन बूव्हिए यांच्यासह विक्टुरावर बसलेले त्यांचे छायाचित्र 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. होडी आता प्रतिमा बनली होती.

२० जानेवारी १९६१ रोजी ते राष्ट्राध्यक्ष झाले. नारळाची ती करवंटी त्यांच्या मेजावर असे. बैठकांमध्ये समोरच्या कागदावर त्यांचा हात नकळत शिडाच्या होड्या रेखाटीत राही. परंतु कागदावरची होडी आणि राज्याचे सुकाणू यांत अंतर असते. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबाच्या पिग्ज उपसागरात सुमारे १,४०० निर्वासित सैनिक अमेरिकेच्या भरवशावर उतरवले गेले आणि पराभूत झाले. शंभराहून अधिक मारले गेले, अकराशेहून अधिक कैद झाले. केनेडी यांनी जबाबदारी जाहीरपणे स्वतःकडे घेतली. परंतु या वेळी किनाऱ्यावर राहिलेल्या माणसांना परत आणता आले नाही. कैद्यांची सुटका होण्यास डिसेंबर १९६२ उजाडावा लागला.

नोव्हेंबर १९६१ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू अमेरिकेत गेले, तेव्हा केनेडी यांनी त्यांचे स्वागत ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्ट येथे केले आणि नौकेतूनच त्यांना सासरच्या घरी नेले. ही भेट अपेक्षेइतकी रंगली नाही. त्याच न्यूपोर्टला सप्टेंबर १९६२ मध्ये अमेरिका चषकासाठी ऑस्ट्रेलियाची 'ग्रेटेल' आणि अमेरिकेची 'वेदर्ली' यांच्यात शर्यत झाली. शर्यतीपूर्वीच्या भोजनप्रसंगी केनेडी यांनी माणसाच्या रक्तातील क्षार आणि समुद्राचा क्षार यांचे नाते सांगून समुद्राच्या ओढीचे कारण विशद केले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्यत पाहिली ती एका विनाशिकेवरून. त्या विनाशिकेचे नाव होते 'जोसेफ पी. केनेडी ज्युनियर'. १९३८ च्या संघातील एक भाऊ नावाच्या रूपाने पायाखाली होता आणि दुसरा त्याच्या आधाराने शर्यत पाहत होता.

पुढच्याच महिन्यात क्यूबातील क्षेपणास्त्रांचा पेच उद्भवला. तत्काळ हल्ला करावा असा सल्ला अनेकांनी दिला असता केनेडी यांनी सागरी नाकेबंदीचा मार्ग स्वीकारला. २६ ऑक्टोबर रोजी 'मारुक्ला' हे मालवाहू जहाज अडवून तपासण्यात आले. तपासणी करणाऱ्या दोन विनाशिकांपैकी एक होती तीच, जोसेफच्या नावाची. त्या दिवशी टक्कर झाली नाही. दोन्ही बाजूंना दिशा पालटण्यास पाणी शिल्लक ठेवले गेले, आणि काही दिवसांत पेच सुटला. लहानपणी समोरासमोर आलेल्या सायकलींपैकी कोणीही वळले नव्हते. वळण्यासाठी जागा ठेवणे आणि समोरच्यालाही ती देणे, हे मधल्या वर्षांनी शिकवले होते.

वर्षभरानंतर डॅलस येथे हे आयुष्य संपले. विक्टुरा मात्र कुटुंबात राहिली. धाकट्या भावंडांनी आणि त्यांच्या मुलांनी ती अनेक उन्हाळे त्याच समुद्रात हाकली. पुढे बोस्टन येथे १९७९ मध्ये उघडलेल्या केनेडी ग्रंथालयाच्या आवारात, समुद्राकडे तोंड करून ती उन्हाळ्यात ठेवली जाऊ लागली. तिच्या नावाचा इकार ऱ्हस्व वाचावा की दीर्घ, हे लिपी सांगत नाही. वडिलांनी तो ऱ्हस्व वाचला. ब्लॅकेट सामुद्रधुनीतील अकरा जणांनी तो दीर्घ वाचला असता, आणि कर्कसी व मार्नी यांच्यासाठी दोन्ही उच्चार सारखेच निष्फळ ठरले.